शेवटचा बदल

"ताई, माझा मेल बघा जरा. आला असंलच," दस्तगीरमामा दारातूनच म्हणाले.

ते आत येत नव्हते. आमच्या कम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायची पद्धत होती आणि त्यांच्या पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट होते. ते काढावेत की नाही हे ठरवता न आल्यासारखे ते उंबऱ्याशी उभे होते. बुधवार होता, दुपारचे बारा वाजून गेले होते. त्यांच्या खाकी शर्टाला अजून अमोनियाचा वास मारत होता. डोळे लालभडक झाले होते आणि ते सारखे मनगटाने पुसत होते.

"मामा, तुम्ही आधी दवाखान्यात जा," मी म्हणाले.

"जाऊन आलो. माझं काय न्हाई. कमलला सातारला हलवलंय." त्यांनी पुन्हा डोळे पुसले. "तुम्ही मेल बघा. काल दोनदा पाठवलाय मी. निकमसाहेब म्हणत्यात, पाठवलाच न्हाई."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. नीरेच्या कालव्यावरच्या एका खाजगी डेअरीत मेल सर्व्हर सांभाळायची माझी नोकरी होती. डेअरीचं नाव सांगत नाही. ती पुढे विकली गेली आणि आता तिथं गेटवर वेगळीच पाटी आहे. दस्तगीर आत्तार हे तिथले रेफ्रिजरेशनचे सगळ्यात जुने ऑपरेटर. दूध गार ठेवायला अमोनिया लागतो, तो दाबाखाली पाइपांतून फिरत असतो, आणि ते पाइप, ते पंप, ते व्हॉल्व्ह सव्वीस वर्षं मामांच्या हाताखाली होते. यंत्राच्या आवाजावरून त्यांना कळायचं म्हणे, कुठं काय बिनसलंय ते. कळलं की पूर्वी नुसतं जाऊन मेंटेनन्सवाल्यांना सांगायचे, किंवा रजिस्टरात दोन ओळी लिहायचे. दोन महिन्यांपूर्वी निकमसाहेबांनी, म्हणजे फॅक्टरी मॅनेजरनी, रजिस्टर बंद केलं. तोंडी सांगणंही बंद. इंजिनरूममध्ये एक कम्प्युटर बसवला. बिघाड दिसला की त्यावर रिपोर्ट भरायचा, बटण दाबायचं, रिपोर्ट मेलने मेंटेनन्सला जाणार, आणि मेल आल्याशिवाय मेंटेनन्सवाला हलणार नाही. सगळं कागदाशिवाय, सगळं नोंदीसकट.

तो कम्प्युटर मीच बसवला होता. मामांना शिकवलंही मीच. दोन दुपारी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले होते. त्यांचं बोट जाड, एका वेळी दोन अक्षरं दाबली जायची. ते वैतागायचे नाहीत. पुसायचे, पुन्हा लिहायचे. शेवटी 'रिपोर्ट पाठवला' अशी हिरवी अक्षरं पडद्यावर आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "म्हंजी पोचला का निघाला?"

"हिरवी अक्षरं आली की झालं, मामा. पुढची काळजी आमची," मी म्हणाले होते.

आता ते दारात उभे होते, आणि मी मेंटेनन्सची पेटी उघडून मंगळवारचे मेल बघत होते. सकाळपासूनचे सगळे पाहिले. पुन्हा पाहिले. इंजिनरूमकडून आलेला एकही नव्हता.

"किती वाजता पाठवलेला?"

"पहिला जेवायच्या सुट्टीत. एक वाजून धा मिनिटं. तीन नंबर व्हॉल्व्हची ग्लँड वास मारत होती. थोडाच, पण मारत होती. कुणी आलं न्हाई म्हणून साडेतीनला परत पाठवला. मग मेंटेनन्सला फोन केला. ते म्हणालं, मेल आला की येतो." ते माझ्याकडे बघत होते. "आता ते म्हणत्यात, फोन पण न्हाई आला."

ग्लँड म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग. बुधवारी सकाळी नऊ वीसला ते फुटलं. पाइप पॅकिंग हॉलच्या भिंतीतून जायचा. हॉलमध्ये अकरा बायका पिशव्या क्रेटमध्ये भरत होत्या. दहाजणी पळाल्या. कमल रणवरे भिंतीला सगळ्यात जवळ होती; तिच्या हातात भरलेला क्रेट होता, आणि तो खाली ठेवायला ती वाकली. तेवढ्यात फवारा तिच्या तोंडावर बसला. आत जाऊन तिला मामांनीच ओढून काढलं होतं.

"बघते मी, मामा. तुम्ही घरी जा."

"सापडला तर सांगा," ते म्हणाले. "शनिवारी चौकशी हाय."

ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि काळी खिडकी उघडली.

काळी खिडकी हा खलाटे सरांचा शब्द. राजेंद्र खलाटे आमच्या विभागाचे प्रमुख. मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं. मुलाखतीत मी तीन प्रश्नांना गप्प बसले होते तरी त्यांनी मला घेतलं. माझे वडील आजारी होते तेव्हा महिनाभर माझं काम स्वतः केलं आणि हजेरीत माझी रजा लावली नाही. ते म्हणायचे, "माऊसने क्लिक करत बसलीस तर सर्व्हर त्याला दाखवायचं तेवढंच दाखवतो. काळ्या खिडकीत आज्ञा देऊन विचार. मग सगळं ओकतो."

मेल सर्व्हरला कनेक्टर असतात. कनेक्टर म्हणजे दार समजा. पत्र आत यायचं एक, बाहेर जायचं दुसरं. आत यायच्या प्रत्येक दाराशी एक यादी असते: अमुक अमुक कम्प्युटरकडून आलेलं पत्र घे, बाकीच्यांना ओळख विचार. इंजिनरूमच्या कम्प्युटरला ओळख सांगता येत नव्हती, तो प्रोग्रामच तसा साधा होता. म्हणून त्याचा पत्ता आतल्या दाराच्या यादीत घातलेला होता. पत्ता म्हणजे आकडेच. शेवटचा आकडा एकतीस. मला पाठ होता.

मी आज्ञा टाइप केली: गेट रिसीव्ह कनेक्टर. चार दारांची नावं आली. आमच्या दाराचं नाव घेऊन पुन्हा विचारलं, या वेळी सगळं सविस्तर सांग म्हणून. पडदा भरून ओळी सरकल्या. दार चालू आहे का, चालू. पत्राचा आकार किती चालेल, दहा एमबी. कुठले पत्ते आत घ्यायचे, त्याची यादी.

अठ्ठावीस होता. एकोणतीस होता. मग एकदम चौतीस.

मी बोटाने पडद्यावर ओळ धरून पुन्हा वाचलं. एकतीस नव्हता.

म्हणजे मामांनी बटण दाबलं होतं. पत्र निघालं होतं, दारापर्यंत आलं होतं, आणि सर्व्हरने ते घेतलं नव्हतं. परत पाठवलेल्या पत्राची नोंद सर्व्हर आपणहून ठेवत नाही, ती चालू करावी लागते, आणि आमच्याकडे कुणी केलेली नव्हती. तिकडचा प्रोग्राम तर इतका भोळा की सर्व्हर हो म्हणाला की नाही हे न बघताच हिरवी अक्षरं दाखवायचा. आणि पाठवलेल्याची प्रत ठेवायचा नाही. त्या दोन पत्रांचा जगात कुठेही माग नव्हता. फक्त ही यादी होती, ज्यात एक आकडा नव्हता.

मला आधी आनंद झाला. खरंच झाला. मामा खरं बोलत होते आणि ते मला सिद्ध करता येणार होतं. मी प्रिंटर चालू केला.

मग मी यादीखालच्या ओळी वाचल्या. काळी खिडकी सगळं ओकते. अगदी शेवटी दोन तारखा असतात: हे दार बनवलं कधी, आणि त्यात शेवटचा बदल केला कधी.

शेवटचा बदल: नऊ फेब्रुवारी, सकाळी अकरा बेचाळीस.

नऊ फेब्रुवारी म्हणजे सोमवार. त्या दिवशी खलाटे सर पुण्याला गेले होते. खोलीत मी एकटी होते.

त्याआधीच्या आठवड्यात आमच्या एका कम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता आणि डेअरीच्या नावाने जगभर रद्दी मेल जात होते. लोक आमचे मेल परत करायला लागले. सरांनी जाताना माझ्या हातात कम्प्युटरांची छापील यादी दिली होती. म्हणाले होते, "यात आहेत तेवढेच पत्ते दाराशी ठेव. बाकीचे उडव." यादी सहा महिन्यांपूर्वीची होती. इंजिनरूमचा कम्प्युटर दोन महिन्यांपूर्वी बसवलेला. मी एकोणीस पत्ते उडवले. एकतीसवर माझा हात क्षणभर थांबला असेल, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. तो थांबला नव्हता. मी चहाला जायच्या घाईत होते.

सर दोन वाजता आले. साताऱ्याच्या दवाखान्यातून येत होते. "एक डोळा तर गेलाच म्हणतायत," खुर्चीत बसत म्हणाले. "दुसऱ्याचं चार दिवसांनी सांगतील."

मी काही न बोलता माझा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी यादी वाचली. खालची तारीख वाचली. त्यांना समजायला माझ्याइतका वेळ लागला नाही.

"मी सांगितलं होतं तुला," ते म्हणाले. "जुनी यादी माझी. तुझी चूक नाही."

"माझीच आहे, सर. तो कम्प्युटर मी बसवला होता."

"कुणाला दाखवलंस?"

"नाही. आत्तारमामा आले होते. त्यांना बघते म्हणाले."

ते उठले, दाराची कडी लावली, आणि परत येऊन बसले. बराच वेळ टेबलावरच्या पेनशी खेळत राहिले.

"फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार," ते म्हणाले. "पोलीस येतील. उद्या दुसरा डोळा गेला, किंवा त्या बाईचं काही बरंवाईट झालं, तर हे नुसतं नोकरीवर थांबायचं नाही. तुझं वय काय? चोवीस? घरी वडील अंथरुणावर."

"मग मामांचं काय?"

"आत्तारची सव्वीस वर्षांची नोकरी आहे. युनियन आहे त्याच्यामागं. फार तर ताकीद देतील. लिहून देतो तुला." मग एकदम साध्या आवाजात, रोजचं काम सांगावं तसं म्हणाले, "एकतीस परत टाक यादीत."

मी हलले नाही.

"अगं, तो पत्ता तिथं नसल्यामुळं माणसं मरायची वेळ आली. अजून तसाच ठेवायचाय का? आत्ता दुसरी ग्लँड फुटली तर? आधी दुरुस्त कर."

"टाकला तर तारीख बदलेल, सर. शेवटचा बदल आजचा दिसेल. नऊ तारीख राहणारच नाही."

"बदलेल," ते म्हणाले. "मग काय त्यासाठी दुरुस्ती करायची नाही?"

ते बरोबर बोलत होते. आजही मला त्या वाक्यात चूक दाखवता येत नाही. प्रिंटर माझ्या हाताच्या अंतरावर चालू होता, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. आधी एक कागद काढायचा आणि मग पत्ता टाकायचा, एवढंच करायचं होतं. सरांनी मला अडवलं नसतं. ते खिडकीबाहेर बघत होते, मुद्दाम बघत होते असं मला तेव्हाही वाटलं.

मी आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं. मग पुन्हा दाराची सगळी माहिती मागवली. अठ्ठावीस, एकोणतीस, एकतीस, चौतीस. शेवटचा बदल: पंचवीस फेब्रुवारी, दुपारी दोन सव्वीस.

सरांनी प्रिंटर बंद केला.

शनिवारी अकरा वाजता वरच्या मीटिंगच्या खोलीत चौकशी बसली. निकमसाहेब मध्ये, डावीकडे बाहेरून बोलावलेले सेफ्टीचे तज्ज्ञ, उजवीकडे युनियनचा माणूस. मामा समोरच्या खुर्चीत. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मला बोलावलं तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले. आपलं माणूस आलं, असं.

"शेंडे मॅडम, मंगळवारी सर्व्हर बंद होता का?" निकमसाहेबांनी विचारलं.

"नाही. चालू होता."

"इंजिनरूमच्या कम्प्युटरवरून मेल मेंटेनन्सला येतो का?"

येतो का, असं त्यांनी विचारलं. येत होता का, असं नाही.

"येतो," मी म्हणाले.

"आपण बघू या ना," तज्ज्ञ म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "आत्तारांनीच पाठवून दाखवावा."

सगळे जिना उतरून इंजिनरूममध्ये गेलो. मी स्टुलावर बसून लॅपटॉपवर मेंटेनन्सची पेटी उघडून धरली. मामा खुर्चीत बसले. कंप्रेसरच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी एकेक अक्षर शोधत रिपोर्ट भरला. 'तीन नंबर ग्लँड वास.' बटण दाबलं. हिरवी अक्षरं आली. आणि माझ्या मांडीवरच्या पडद्यावर त्यांचा मेल येऊन पडला.

तज्ज्ञांनी वाकून वाचला. युनियनच्या माणसाने वाचला आणि मामांकडे न बघता चष्मा खिशात ठेवला. मग मामा उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी स्वतःच लिहिलेले ते चार शब्द. मी मान वर केली नाही.

"आला की," ते म्हणाले.

"आता काय म्हणायचंय, आत्तार?" निकमसाहेबांनी विचारलं.

मामा त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होते. "मला तर दाबल्यालं याद हाय, साहेब," ते हळूच म्हणाले. "दोनदा. पण आत्ता आला, म्हंजी येतोय. मग माझंच कायतरी चुकलं असंल. बोट घसरलं असंल."

त्यांनी ते लिहूनही दिलं. आपल्या हातानं, सुवाच्य अक्षरात.

ताकीद दिली नाही. कामावरून काढून टाकलं. कमलचा दुसरा डोळाही पुढच्या आठवड्यात गेला, आणि त्यानंतर युनियननेही मामांसाठी तोंड उघडलं नाही. एका दुपारी त्यांना गेटवरून चालत बाहेर पडताना मी खिडकीतून पाहिलं. गमबूट नव्हते, साध्या चपला होत्या, म्हणून मला आधी ओळखू आले नाहीत. खलाटे सर आणि मी त्यावर एक शब्दही बोललो नाही. ते माझ्याशी पहिल्यासारखेच वागले, किंवा थोडे जास्तच चांगले. वर्षभरात मी पुण्याला दुसरी नोकरी धरली. जाताना त्यांनी मला पेन दिलं. अजूनही दिवाळीला त्यांचा मेसेज येतो आणि मी उत्तर देते.

पुण्यात माझं बरं चाललं. लग्न झालं, मुलगी झाली, हाताखाली सहा माणसं आली. मी हे विसरले होते असं नाही. पण त्याची एक जागा ठरून गेली होती, तिथं मी फारशी जात नसे.

दहा वर्षांनी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला गावाकडे गेले होते. गुरुवार होता, बाजाराचा दिवस. बहिणीला बांगड्या भरायला घेऊन गेले आणि रस्त्याच्या कडेला मला एम-एटीवरून उतरणारे दस्तगीरमामा दिसले. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि मागच्या सीटवरच्या बाईला दंडाला धरून उतरवलं. बाईच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. गालावर, गळ्यापर्यंत, चकाकणारी कातडी. मामांनी पोतं अंथरलं, तिला त्यावर बसवलं, तिच्यासमोर वातींच्या जुड्या मांडून दिल्या, तिचा हात धरून कुठं काय ठेवलंय ते दाखवलं, आणि स्वतः मागे सावलीत जाऊन बसले.

"दर गुरुवारी आणतो तो तिला," बहीण म्हणाली. "नवरा टाकून गेला ना तिचा. भावाकडं असते. हाच करतो सगळं. त्याच्याच चुकीनं डोळे गेले म्हणे तिचे. डेअरीत होता तो."

साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांचं घर विचारत गेले.

ते अंगणात गाडीचा प्लग साफ करत होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग "शेंडेताई!" म्हणून उठले, पायजम्याला हात पुसले, खुर्ची आणली. त्यांच्या बायकोनं, जैबूनमामींनी चहा आणला. माझी मुलगी केवढी आहे, वडील कसे आहेत, सगळं विचारलं. वडील जाऊन सात वर्षं झाली होती. मामा म्हणाले, "चांगला माणूस व्हता." ते त्यांना कधी भेटलेही नव्हते.

मी सांगायला सुरुवात केली. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर संपलं. दार, यादी, एकतीस, सोमवारची सकाळ.

"म्हंजी मी बटण दाबलं व्हतं," मामा म्हणाले.

"दोन्ही वेळा दाबलं होतं, मामा."

ते दाराकडे वळले. "जैबून! ऐकलंस का? दाबलं व्हतं मी." त्यांचा आवाज एकदम चढला, हसल्यासारखा. "धा वर्षं म्हणतोय हिला, मला याद हाय, याद हाय. ही म्हणायची, सोडा आता, म्हातारपणी काय बी आठवतं माणसाला." मग त्यांनी उजवा हात वर धरला, बोटं उघडली, मिटली. हातावर प्लगची काजळी होती. "रात झाली की हे बोट चालू व्हायचं. दाबलं का न्हाई, दाबलं का न्हाई."

जैबूनमामी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, मामांकडे नाही. त्यांनीच विचारलं.

"तुला कधी कळलं, बाई?"

खोटं बोलता आलं असतं. मागच्या महिन्यात म्हणता आलं असतं.

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "मामा येऊन गेले, त्यानंतर अर्ध्या तासात."

मामांचा हात खाली आला. चेहऱ्यावरचं ते हसू तसंच राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. चौकशीच्या दिवशी माझ्याकडे बघून हसले होते तेच त्यांना आठवत असावं. किंवा मला आठवत होतं.

"चौकशीच्या आधी," ते म्हणाले.

"तीन दिवस आधी."

"आणि मला मागं उभं करून दाखवलास तो मेल."

ते मला कधी अगंतुगं करत नसत. 

"चहा घे," ते म्हणाले. "नि जा."

मी चहा घेतला. का घेतला ते सांगता येत नाही, पण कप संपवला आणि उठले.

कमलकडे जायला मला अजून महिना लागला. पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी गेले. तिच्या भावाचं घर ओढ्याच्या कडेला होतं. ती ओसरीवर वाती वळत बसली होती. कापसाचा तुकडा घ्यायचा, मांडीवर ठेवून तळव्याने एकदा फिरवायचा, झाली वात. मी बोलत होते तेव्हा तिचा हात थांबला नाही. सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत.

"मामा आला होता मागं," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्याकडं गेला होता ना, त्याच्या पुढच्या मंगळवारी. सांगून गेला, कमल, माझी चूक नव्हती. लई रडला. त्याच्यानंतर फिरकला नाही. चार बाजार गेले." एक वात झाली, दुसरी घेतली. "भावाला सवड नाही. वहिनी म्हणते, घरी बसून कोण घेईल तेवढ्याच विक."

"कमल, मी..."

"चूक कुणाची होती ते कळून मला काय करायचंय?" ती म्हणाली. "गुरुवारी मला बाजाराला कोण नेणार, ते सांगा."

"मी नेईन," मी म्हणाले.

आणि नेलं. पहाटे पुण्याहून निघायचं, दहापर्यंत तिच्या दारात गाडी लावायची. गाडीत बसताना तिचं डोकं दोनदा दाराला आपटलं, मग मला कळलं की हात तिच्या डोक्यावर धरायचा असतो. जुड्या कशा मांडायच्या ते तिलाच विचारावं लागलं. लोक माझ्याकडे बघायचे, गिऱ्हाइकं कमी यायची. तिनं एकदा सांगितलं, गाडी जरा लांब लावत जा. तसे चार गुरुवार केले. ऑफिसात सांगितलं होतं, गावाकडे आजारपण आहे.

पाचव्या गुरुवारी ऑफिसात टाळता न येणारी बैठक निघाली. बुधवारपर्यंत मी काहीतरी जमेल म्हणून थांबले, आणि गुरुवारी सकाळी नऊ वाजता, बैठकीच्या खोलीबाहेर उभी राहून, तिच्या भावाच्या नंबरवर फोन लावला. बाजाराच्या दिवशी भावाचा मोबाइल तिच्याकडे असायचा; फोन कमलनेच घेतला. मागे गाड्यांचा आणि माणसांचा गलका होता.

"आज मला जमत नाहीये गं. पुढच्या..."

"असू द्या," ती म्हणाली. "मी बाजारातच आहे. मामा आलाय."

मी विचारलं, "कसे आले?"

"मी पण विचारलं. म्हटलं, आता कशाला आलास, तुझी काय चूक नव्हती ना. तर म्हणतो, गुरुवार हाय न्हवं."

तिच्याशेजारी कुणीतरी वातींचा भाव विचारत होतं. मामांचा आवाज ऐकू आला, दहाला जुडी, घ्या मावशी, सुताची न्हाई, कापसाची हाय.

"कमल, मामांना फोन दे जरा," मी म्हणाले. "दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं."

तिनं फोन बाजूला धरून काहीतरी विचारलं. उत्तर मला ऐकू आलं नाही. बैठकीच्या खोलीचं दार उघडून कुणीतरी मला हाताने खूण केली, सुरू करायचं का.

"मामा गिऱ्हाइकात आहे," कमल म्हणाली. मग, कदाचित तिला माझी दया आली असेल, तिनं खरं ते सांगितलं. "नको म्हणतोय."